मनोरंजन आणि बौद्धिक संपदेची वकिली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधीचे विद्यार्थी, नुकती सनद मिळालेले वकील आणि अधूनमधून त्यांचे आईवडील यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्यापुरती आहेत आणि बरीचशी मुंबईतलं कामकाज डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा वकील दिवसभर नेमकं करतो काय? शूटिंगवर जावं लागतं का?

क्वचित. आणि वकिलाला सेटवर बोलावलं असेल तर बहुधा तिथे भांडण झालेलं असतं.

दिवसाचा मोठा भाग कागद वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. कादंबरीचे चित्रपट-हक्क, पटकथाकाराचा करार, कलाकाराच्या तारखा आणि श्रेयनामावलीतली जागा, गाण्यांचे हक्क, ओटीटीचा परवाना, ब्रँडची जाहिरात, ट्रेडमार्कचे अर्ज आणि त्यांवरच्या हरकती, हे रोजचं काम. पटकथा वाचून धोक्याच्या जागा दाखवणं हेही त्यातच आलं: जिवंत माणसावर बेतलेलं पात्र, मागच्या भिंतीवर दिसणारं चित्र, पात्राच्या मोबाइलवर वाजणारं गाणं.

न्यायालयाचं काम कमी, पण अंगावर येणारं. चित्रपट शुक्रवारी लागणार असतो आणि मनाई हुकमाचा अर्ज मंगळवारी येतो. पायरसीविरुद्धचे दावे तर प्रदर्शनाच्या आधीच लावून ठेवावे लागतात. चोर कोण हे ठाऊक नसल्यामुळे प्रतिवादी म्हणून 'अशोक कुमार' असं काल्पनिक नाव घालतात. अशा आदेशांना आपल्याकडे त्याच नावाने ओळखतात.

२. त्यासाठी वेगळी पदवी लागते का? बारावीनंतरचं पाच वर्षांचं एलएलबी बरं की पदवीनंतरचं तीन वर्षांचं?

वेगळी पदवी लागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्यता दिलेलं कोणतंही एलएलबी चालतं. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा असते आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायचं. नोंदणीसाठी वाटेल तेवढं शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये ही कायद्यातली मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क वेगळं.

पाच की तीन हा वाद माझ्या मते निरर्थक आहे. साहित्य, संगीत किंवा नाट्यशास्त्राची पदवी घेऊन मग कायद्याकडे आलेला माणूस या क्षेत्रात मागे पडत नाही, उलट अशिलाची भाषा त्याला आधीच येत असते. बौद्धिक संपदेतली पदविका किंवा एलएलएम केलं तर वाचनाला शिस्त येते, पण ते केलं नाही म्हणून कोणी दार बंद करत नाही.

३. मी कॉमर्सची आहे. सायन्स नसेल तर बौद्धिक संपदेत वाव नाही, असं सर म्हणाले. खरं आहे का?

फक्त पेटंटपुरतं खरं आहे. पेटंट एजंट व्हायचं तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वकिलांनाही यातून सूट नाही. कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन यांना ही अट नाही, आणि सनदधारक वकिलाला ट्रेडमार्क नोंदणीचं काम करायला वेगळी एजंटची परीक्षा द्यावी लागत नाही. मनोरंजनाचं जवळजवळ सगळं काम कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि करार यांवर चालतं. सरांना पेटंटच म्हणायचं असावं.

४. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजीमुळे अडेल का?

अडेल, पण सुरुवातीलाच, आणि त्याला इलाज आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि मोठे करार इंग्रजीतच होतात. करारातलं इंग्रजी साहित्यिक नसतं. तेच शे-दोनशे शब्द फिरून फिरून येतात. रोज एक करार हाताने उतरवून काढा, सहा महिन्यांत फरक दिसेल.

उलट बाजूचा फायदा कोणी सांगत नाही. मराठी साहित्यावर चित्रपट किंवा मालिका करायची म्हटली की जुने कागद मराठीत निघतात: प्रकाशकाची पत्रं, हाताने लिहिलेली संमतिपत्रं, नाटकाच्या प्रयोगांचे हिशेब. ते वाचून त्यांचा कायदेशीर अर्थ लावणारा माणूस लागतोच. असा एक कागद प्रश्न ९ मध्ये उलगडून दाखवला आहे.

५. सुरुवातीला पैसे किती मिळतात? मुलीला घरून पाठवत राहावं लागेल का?

एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये जुनिअर म्हणून लागली तर बहुधा काही काळ पाठवावे लागतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून जुनिअरला शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. मोठ्या लॉ फर्म सुरुवातीपासून बऱ्यापैकी पगार देतात, पण तिथे जागा थोड्या आणि पहिली काही वर्षं एकाच प्रकारचे कागद हातात येण्याची शक्यता जास्त. चेंबरमध्ये पैसा कमी, पण एकाच आठवड्यात नोटीस, दावा आणि करार तिन्ही शिकायला मिळतात.

रुजू होण्याआधी महिन्याचा आकडा स्पष्ट विचारा. दुसऱ्यांच्या मानधनाची कलमं लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या मानधनाबद्दल संकोच करावा हे बरं दिसत नाही.

६. ओळख नसताना इंटर्नशिप कशी मिळवायची? आणि पुढे इन्स्टाग्रामवर रील करून कामं मिळतील का?

अर्ज लहान ठेवा. त्यासोबत एखाद्या ताज्या निकालावर स्वतः लिहिलेलं दोन पानी टिपण जोडा. उदाहरणार्थ, ऑनलाइन संगीत सेवांना प्रसारकांसाठीच्या वैधानिक परवान्याचा (मालकाच्या संमतीविना, ठरलेली रॉयल्टी भरून मिळणाऱ्या परवान्याचा) लाभ मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ड वाचून त्यावर स्वतःचं मत मांडणारा विद्यार्थी गर्दीत उठून दिसतो. 'मला सिनेमाची प्रचंड आवड आहे' हे वाक्य अर्जातून काढून टाका. ते सगळेच लिहितात.

रीलचं उत्तर वेगळं. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि काम मागता येत नाही. कायदा समजावून सांगणारा लेख किंवा व्हिडिओ ही एक गोष्ट आणि 'करारासाठी मला संपर्क करा' ही दुसरी. मधली रेषा पुसट आहे, म्हणून तिच्यापासून चार हात लांबच राहा. सुरुवातीची कामं लेखक, संकलक, ध्वनिमुद्रक अशा पडद्यामागच्या लोकांकडूनच येतात. त्यांचा छोटा करार नीट करून दिलात तर पुढच्या निर्मात्याला तेच तुमचं नाव सांगतात.

७. स्टुडिओ किंवा ओटीटी कंपनीच्या विधी विभागात नोकरी केली तर वकिली चालू ठेवता येते का?

नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करता येते. नोकरीत व्यवहार आतून कळतो: बजेट कुठे आवळतात, कोणत्या कलमावर कंपनी हटत नाही आणि कोणत्या कलमावर नुसताच आव आणते. न्यायालयात उभं राहायची सवय मात्र मोडते. वादविवादाची हौस असेल तर आधी काही वर्षं न्यायालयात काढा.

८. सॉलिसिटर म्हणजे वकिलापेक्षा मोठा का?

मोठा नव्हे, वेगळा. मुंबईत सॉलिसिटर होण्यासाठीची परीक्षा बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते आणि त्याआधी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकलशिप करावी लागते. या क्षेत्रात सॉलिसिटर असण्याची अट नाही. कागदपत्रांच्या बारकाव्याची शिस्त लागते म्हणून आजही काही जण करतात.

९. 'चेन ऑफ टायटल' हा शब्द सारखा ऐकू येतो. ते काय असतं?

या व्यवसायाचा कणा. मूळ लेखकापासून आजच्या निर्मात्यापर्यंत हक्क कोणकोणत्या कागदांनी आले, त्यांची सलग साखळी. ओटीटी, वितरक आणि कर्ज देणारी वित्तसंस्था सगळ्यात आधी हीच फाइल मागतात. एक कडी तुटलेली निघाली तर तयार चित्रपट पडून राहतो.

कशी तपासायची ते उदाहरणाने पाहू. प्रसंग काल्पनिक आहे, पण असे कागद खूप दिसतात. निर्मात्याला एका जुन्या कथेवर मालिका करायची आहे. फाइलमध्ये लेखकाची सही असलेली एक ओळ आहे: 'माझ्या कथेवर चित्रपट काढण्यास माझी संमती आहे.' निर्माता म्हणतो, हक्क आपल्या बापजाद्यांपासून आहेत.

पहिला प्रश्न: ही संमती आहे की हस्तांतरण? शब्द संमतीचा आहे, म्हणजे फार तर परवाना. मालकी लेखकाकडेच राहिली. दुसरा: संमती 'चित्रपटा'ची आहे, मालिकेची नाही. तिसरा: मुदत आणि प्रदेश लिहिलेले नाहीत. मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षं आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारत धरायचा, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं. परवान्यालाही कलम ३०अ मुळे हेच लागू होतं. नवा वकील इथे खूश होऊन 'पाच वर्षांत संपलं' असं लिहून मोकळा होतो. त्याने कागदावरची तारीख पाहिलेली नसते. कलम १९ च्या पोटकलम ७ नुसार १९९४ च्या दुरुस्तीआधी झालेल्या हस्तांतरणांना या तरतुदी लागू होत नाहीत. पत्र १९७८ चं असेल तर पाच वर्षांचं गणित आपोआप लावता येत नाही. मग त्या काळचा पत्रव्यवहार, दिलेले पैसे आणि दोघांचा हेतू यांवरून अर्थ लावायचा.

चौथा: लेखक हयात आहेत का? कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. लेखक १९६५ मध्ये वारले असतील तर तो ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. १९९० मध्ये वारले असतील तर वारसांकडे जायचं, आणि सगळ्या वारसांकडे. थोरल्या मुलाने 'घरचं सगळं मीच बघतो' म्हटलं म्हणून परदेशातल्या बहिणीची सही टळत नाही. पाचवा: प्रकाशकाशी झालेला करार. त्यात फक्त पुस्तकरूपाचे हक्क दिलेत की रूपांतराचेही?

या पाच प्रश्नांची उत्तरं लिहिलेलं तीन पानी टिपण म्हणजेच तुमची फी. अशिलाला ते आवडत नाही, कारण शेवटी 'नव्याने करार करा' असंच त्यात असतं.

१०. मित्राची कथा एका निर्मात्याने चोरली. कल्पनेवर कॉपीराइट नसतो म्हणतात, मग दावा होणारच नाही का?

नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात ठरवलं. तिथे नाटककार हरला. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटतं का, ही तिथली कसोटी आजही वापरतात. त्यामुळे 'दोन्हींत नायिका पोलीस आहे' एवढ्यावर काही होत नाही. प्रसंगांची गुंफण, पात्रांचे परस्परसंबंध, संवाद यांचा तक्ता करून दाखवावा लागतो.

पण दुसरी वाट आहे, विश्वासभंगाची. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात (२००३) वाहिनीला विश्वासाने दाखवलेल्या कन्सेप्ट नोटला मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. म्हणून मित्राला आधी हे विचारा: कथा कोणाला, कधी, कोणत्या ईमेलने पाठवली? फक्त चहावर सांगितली असेल तर अवघड आहे.

तातडीची मनाई हवी नसेल तर व्यावसायिक न्यायालयाच्या दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवा.

११. मग पटकथेची नोंदणी कुठे करायची? आणि चित्रपटाचं नाव राखून ठेवता येतं का?

कॉपीराइट कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. ती पुराव्यासाठी करायची. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सदस्यांच्या संहितांची नोंद करते. ती पटकन होते, म्हणून बहुतेक लेखक आधी ती करतात. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवण्याचा सल्ला अजून फिरतो. त्यावर विसंबू नका.

नावाची गोष्ट निराळी. केवळ शीर्षकाला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. निर्मात्यांच्या संघटनांकडची शीर्षक नोंदणी ही सदस्यांमधली आपसातली शिस्त आहे. खरं संरक्षण ट्रेडमार्कचं. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये.

१२. संगीतकाराने 'सगळे हक्क कायमचे दिले' अशी सही केली आहे. आता त्याला रॉयल्टी मागता येईल का?

हो, आणि हा या क्षेत्रातला सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ नुसार चित्रपटातल्या गीताचा कवी आणि संगीतकार यांना चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरासाठी रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. तो सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. याविरुद्धचं कलम शून्यवत. संगीतकार आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचा) सदस्य असेल तर कलम १९ चं पोटकलम ८ ही वाचा: सोसायटीला आधी दिलेल्या हक्कांच्या विरोधात केलेलं हस्तांतरणही शून्यवत ठरतं.

तरी असे करार रोज होतात, कारण नवा संगीतकार भांडत नाही. तुम्ही निर्मात्याचे वकील असलात तरी रॉयल्टी सोडल्याचं कलम करारात घालू नका. ते टिकणार नाहीच, वर वितरकाच्या वकिलासमोर तुमची शोभा होईल.

कायद्याच्या त्याच कलम १८ मध्ये आणखी एक मेख आहे. करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेलं माध्यम करारात स्पष्ट नमूद नसेल तर ते हस्तांतरणात धरलं जात नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फायली उघडण्याआधी मात्र प्रश्न ९ मधली तारखेची सवय इथेही वापरा.

१३. बालकलाकाराचा करार कोण करतो?

पालक. अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. कागद तिथेच संपत नाही. बालकामगारविषयक नियमांप्रमाणे (२०१७ ची दुरुस्ती) जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. निर्मात्याच्या वेळापत्रकात हे बसत नाही अशी कुरकुर होते. वेळापत्रक बदलायला सांगा.

१४. निर्माता म्हणतो, फी नको, नफ्यात पाच टक्के घ्या. घेऊ का? आणि मी स्वतःच निर्माता झालो तर?

खटल्याच्या निकालावर फी ठरवणं किंवा खटल्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियम २० ने निषिद्ध आहे. करार लिहून देण्याच्या बदल्यात चित्रपटाच्या नफ्यातला हिस्सा हा खटल्याचा प्रश्न नसला, तरी मी घेणार नाही. उद्या त्याच करारावर वाद झाला तर तुम्ही वकील की भागीदार, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. शिवाय 'नफा' या शब्दाची व्याख्या तुम्हीच लिहिलेली असेल.

निर्मिती हा धंदा आहे, आणि नियम ४७ नुसार वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. निष्क्रिय भागीदार राहता येतं, पण तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेशी विसंगत नाही असं राज्य बार कौन्सिलचं मत असेल तरच. कथा-कविता लिहिण्याचा प्रश्न वेगळा, त्याला कोणी धंदा म्हणत नाही. पूर्णवेळ मालिकालेखनाचा पगारी करार असेल तर मात्र प्रश्न ७ पाहा आणि सही करण्याआधी बार कौन्सिलला लेखी विचारून घ्या.

१५. एआयने गायकाचा आवाज हुबेहूब काढला तर कोणता कायदा लावायचा? हे काम पुढे वाढेल का?

आवाजाच्या स्वामित्वाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. न्यायालयं व्यक्तिमत्त्व हक्क, खासगीपणा, 'पासिंग ऑफ' (दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपली वस्तू खपवणं) आणि कलावंताचे हक्क (कॉपीराइट कायद्याची कलमं ३८ ते ३८ब) यांची मोट बांधून आदेश देतात. अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असं संरक्षण दिलं. नामवंतांचं ठीक आहे. डबिंग करणाऱ्या अनोळखी कलाकाराचा आवाज वापरला गेला तर त्याची प्रसिद्धी न्यायालयाला दाखवायची कशी, हे अवघड आहे. त्याचा आधार सध्या करारच.

म्हणून डबिंगच्या करारात आता तीन गोष्टी लिहाव्या लागतात: ध्वनिमुद्रण कोणत्या प्रकल्पापुरतं, त्यावर यंत्राला शिकवायची मुभा आहे की नाही, आणि असेल तर वेगळं मानधन किती. तुमच्या पहिल्या अशिलांपैकी एखादा डबिंग कलाकार असेल तर त्याचा जुना करार मागून घ्या आणि 'सर्व माध्यमांत, सर्व प्रकारे' हे शब्द कुठे आहेत ते आधी शोधा.